महिन्याला दहा टक्के

क्रिप्टो सामान्य माणसाला सोप्या भाषेत कसं सांगावं, यावर हल्ली बरीच शहाणी मंडळी डोकं खाजवतात. उगाच. ते काम अमित भारद्वाज नावाच्या गृहस्थांनी २०१५ सालीच उरकलं होतं. त्यांच्या गेनबिटकॉइनचा मंत्र एका ओळीचा: तुमचं बिटकॉइन द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के घ्या. म्हणजे एकाचे पावणेदोनाच्याही वर. वर आणखी माणसं जोडली की कमिशन वेगळं. ब्लॉकचेन कुणाला कळलं नाही, पण कमिशन सगळ्यांना कळलं.

पैसे परत द्यायची वेळ आली तेव्हा बिटकॉइनऐवजी घरचंच ‘एमकॅप’ नावाचं नाणं गुंतवणूकदारांच्या हातावर टेकवलं गेलं. तुरी दिल्या असत्या तर निदान वरण तरी झालं असतं. एप्रिल २०१८मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजांना पकडलं, जानेवारी २०२२मध्ये ते वारले, डिसेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. फेब्रुवारी २०२५च्या छाप्यांत दिल्ली-पुण्याबरोबर आमचं शेजारचं नांदेडही होतं. हिंगोलीकरांनी ‘ही शहरातली भानगड’ म्हणून हात झटकू नयेत.

खरं तर हिंगोलीच्या माणसाला फसवणं अवघड असायला हवं. इथल्या मार्केट यार्डात हळदीचं बीट बघा. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळची हळकुंडं वर काढतो, एखादं कडकन मोडून आतला रंग बघतो, मगच बोली लावतो. शेतकरीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. काटा होईपर्यंत तो पोत्याजवळून हलत नाही आणि पट्टीतल्या हमालीचा रुपयान् रुपया तपासतो. हाच माणूस मेव्हण्याने मोबाइलवर हिरवा आकडा दाखवला की हात खिशात घालतो, ढिगात नाही! मेव्हण्याला प्रश्न कसा विचारायचा, हा खरा क्रिप्टोचा प्रश्न आहे.

सोपं सांगायचंच तर इतकंच आहे. बिटकॉइनची खतावणी कुणा एका बँकेकडे नसते, जगभरातल्या हजारो संगणकांवर सारखीच असते. नाणी जास्तीत जास्त दोन कोटी दहा लाख. नाणं नुसतं ठेवलं तर त्याला व्याज नाही, आणि भावाची हमी कुणाचीच नाही. गुप्त चावी हरवली की नाणं गेलं. एप्रिल २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा मात्र दुसऱ्या कमाईतून वजा होत नाही. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात तुम्ही एकटे.

जाहिरातींसाठीही तेव्हापासून एक इशारा ठरलेला आहे: क्रिप्टोवर नियामक नाही, जोखीम फार मोठी, नुकसान झालं तर दाद मागायला जागा नसेल. या धंद्यातलं सगळ्यात सोपं आणि खरं वाक्य हेच. म्हणूनच ते सगळ्यात बारीक अक्षरात असतं.

तेव्हा कुणी क्रिप्टो समजवायला आलं तर तीनच प्रश्न विचारा. हे दहा टक्के येतात कुठून? पैसे काढायचे तर कधी आणि कुठल्या नाण्यात मिळणार? बुडाले तर तक्रार कुणाकडे? उत्तर ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असं आलं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. मेव्हणा असेल तर चहाबरोबर पोहेही द्या, पण पैसे देऊ नका.