पुरणयंत्राची जाळी

ऐकलंत की नाही? मग बसा दोन मिनिटं, चहा टाकते. खरं तर सांगू नये, एका घराच्या अब्रूचा प्रश्न आहे. पण तुम्ही काही बाहेर बोलणार नाही.

गेल्या होळीला ए विंगमधल्या वहिनींनी पुरणयंत्र काढलं, तर आत जाळीच नाही. सगळी कपाटं उपसली. कामाला येणाऱ्या मावशींवर संशय घेऊन झाला, त्या रुसून चार दिवस आल्या नाहीत. शेवटी म्हटलं, चाळणीवर घासू पुरण, तर चाळणीही गायब! संध्याकाळी धाकटे चिरंजीव बुलेट घेऊन पार्किंगमध्ये शिरले आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे शेदोनशे ठिपके नाचले. जाळी हेडलाइटवर! चांगली नट-बोल्ट आवळून बसवलेली. चाळणी थोरल्याच्या गाडीच्या रेडिएटरपुढे सापडली. वर आईलाच शहाणपण, "पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडतो गं, काच फुटते." पंधरवड्यातच त्या ठिपक्याठिपक्यांच्या उजेडात त्र्यंबक रोडवरचा खड्डा दिसला नाही. काच मात्र शाबूत हं!

एका घरचं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण अख्ख्या नाशकात हे खूळ शिरलंय. रविवारी सकाळी मिसळीच्या ठिकाणी गाड्यांची रांग लागते ना, तिथे जाऊन बघा. पूर्वी पोरं तर्रीवरून हमरीतुमरीवर यायची. आता मिसळ गार होतेय आणि हे उकिडवे बसून एकमेकांच्या इंजिनाखाली डोकावतायत. "कितीला पडलं?" "नव्वद रुपये." "मला दुकानात दोन हजार सांगितले!" नव्वद म्हणे! त्यात आईचा तेलाचा कॅन धरलेला नाही, बाबांनी लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेली ड्रिल मशीन धरलेली नाही आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांनी चाळण झालेली सतरंजी तर नाहीच नाही.

तेलाचा कॅन म्हणजे आता हँडगार्ड, एवढं लक्षात ठेवा. पंधरा लिटरचा कॅन रिकामा व्हायची वाट बघत ही पोरं ओट्याशी घुटमळतात. भजी तळून मागतात म्हणून आई खूश, आणि यांचा डोळा कॅनवर. प्रत्येक डब्याचं बूड उलटून त्रिकोणातला आकडा वाचतात. 2 असला तर एचडीपीई, आपटलं तरी सहसा तडकत नाही. 5 असला तर पॉलिप्रॉपिलिन, चालवून घेऊ. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, नापास. मुलीच्या पत्रिकेत नाडी बघतानाही कुणी इतकं डोकं घातलं नसेल. आणि एवढं करून त्या हँडगार्डनं अडतं काय? गार वारा, काटेरी फांदी, फार तर उडालेला खडा. गाडी आडवी झाली की क्लचची दांडी तुटायची ती तुटतेच. ती वाचवायची तर आतून अॅल्युमिनियमची जाड पट्टी हवी. हे मी त्यांना सांगितलं, तर पट्टीसाठी माझ्याच खिडकीच्या स्लायडिंगकडे बघायला लागले.

आमच्या वरच्या मजल्यावरच्यानं तर कहर केला. पीव्हीसीचा पाइप उभा चिरून त्याचा गार्ड वळवायचा होता. हा पाइप 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणजे उकळत्या पाण्यात धरला तरी वळेल. पण एवढा धीर कुणाला? धरला थेट गॅसच्या ज्योतीवर. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. घसा धरून सगळा मजला जिन्यात. त्यांच्या आजी बिचाऱ्या समजल्या, सुनेनं डाळ करपवली. अजून ऐकवतात तिला.

पोळपाट तेवढा वाचलाय, कारण तो लाकडी. भाजी चिरायचा पांढरा जाड प्लास्टिकचा बोर्ड वाचलेला नाही. तो इंजिनाच्या पोटाखाली गेला, बॅश प्लेट म्हणून! लाज वाटायला हवी. पण खोटं कशाला बोलू, तो बोर्ड अॅल्युमिनियमच्या पत्र्यापेक्षा बरा निघाला. पत्रा दगडाला अडकून पोचतो आणि खडखडतो, म्हणून जुन्या ट्यूबचे वॉशर कापून घालावे लागतात. बोर्ड दगडावरून नुसता घसरत जातो. फक्त ऑइल बदलायच्या ड्रेन बोल्टपुरतं भोक ठेवायला साहेब विसरले. आता दर वेळी ऑइल बदलायला चार बोल्ट सोडवून आधी भाजीचा बोर्ड उतरवतात. वास येतो म्हणे मेथीचा.

अंबडच्या एमआयडीसीत तर याहून वरताण प्रकार चाललाय. सुपरवायझरची पाठ वळली की लेथच्या चकमध्ये नायलॉनचा रॉड चढतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन स्लायडर तयार. गाडी पडली तर आधी ते गुटके रस्त्याला टेकावेत आणि टाकी, इंजिन वाचावं, असा हिशेब. यात पोरांनी डोकं लावलंय, हे मान्य करते. बोल्टचं डोकं गुटक्यात खोल बुडवतात, कारण ते डांबराला घासलं तर ठिणग्या उडतील आणि अडकेल. नायलॉन घसरतं, रबर पकड घेतं आणि गाडीला कोलांटी मारायला लावतं, हेही एकाला मोडून कळलंय. दुसरा म्हणाला, मी मजबूतच करतो, आणि थेट लोखंडी पाइपचा गार्ड वेल्ड केला. गाडी पडली. गार्डला ओरखडासुद्धा नाही. सगळा मार बोल्टावाटे आत गेला आणि चॅसीचा कान तुटला. पठ्ठ्या अजून तो गार्ड पुसून लोकांना दाखवतो.

मला राग कशाचा येतो सांगू? हीच पोरं नवी गाडी आली की पहिल्या आठवड्यात साडी गार्ड काढून फेकतात. 'लूक जातो' म्हणे. अरे, 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 व्या नियमात लिहिलंय, मागचं निम्मं चाक झाकलेलं हवं, बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. इंजिनाला चिलखत, टाकीला रेक्झिनचा अंगरखा, लेग गार्डला नायलॉनच्या दोरीचे वेढे आणि मागे बसणाऱ्या आईचा पदर वाऱ्यावर! हेल्मेटचं तर बोलूच नका. 2021 मध्ये हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असा हुकूम याच शहरात निघाला होता. तेव्हा पंपाच्या अलीकडे एकच हेल्मेट किती डोक्यांवरून फिरलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

हे सासऱ्यांना सांगायला गेले, तर ते गालातल्या गालात हसले. त्यांची चेतक! बुकिंग केल्यावर वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही त्या काळातली. स्कूटर घरी यायच्या आधी गार्ड घरी आला होता म्हणे. चहूबाजूंनी स्टीलचे गार्ड, सीटला सासूबाईंनी विणलेलं कव्हर आणि सीटखालचं प्लास्टिक सात वर्षं काढलंच नाही. म्हणजे खूळ रक्तातलंच, उगीच पोरांना बोल लावतेय मी.

आता एक गोष्ट सांगते, ती मात्र खरंच आपल्या दोघींत. संक्रांत आलीये. नायलॉन मांजावर 2017 पासून हरित लवादाची देशभर बंदी आहे आणि तरी दर जानेवारीत दुचाकीवाल्यांचे गळे चिरल्याच्या बातम्या येतातच. तिकडे गुजरातेत उत्तरायणाच्या आधी स्कूटरच्या दोन्ही आरशांना जोडून उलट्या यूसारखी तार लावतात, मांजा वरच्यावर अडतो. मी आमच्या चिरंजीवांना सहज म्हटलं, माझ्या अॅक्टिव्हाला करशील का रे? म्हणाला, करतो, पण हलका रॉड हवा, वाकणारा.

हॉलच्या पडद्याचा रॉड मीच काढून दिला. यांनी विचारलं तर पडदा धुवायला टाकलाय, एवढंच सांगा.