एकच विषय, दोनदा फी

अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने 2017 साली एक हिशेब मांडला. 2004 ते 2009 या काळात एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांनी जेवढे क्रेडिट कमावले होते, त्यातले अंदाजे 43 टक्के बुडाले. हे विद्यार्थी नापास झालेले नव्हते. त्यांनी अभ्यास केला होता, परीक्षा दिल्या होत्या, फी भरली होती. नव्या कॉलेजने त्यांचे कागद पाहिले आणि सांगितलं, हे आमच्याकडे धरता येणार नाही. म्हणजे बसा परत वर्गात आणि भरा परत पैसे.

एकच विषय दोनदा विकणं ही लूट आहे. दुकानदाराने केली तर आपण ग्राहक मंचात जातो. विद्यापीठाने केली की तिला ‘नियम’ म्हणतो.

कारण उघड आहे. बाहेरून आलेलं क्रेडिट मान्य केलं की तेवढी फी बुडते, आणि मान्य करायचं की नाही हे ठरवणारा तोच, ज्याची फी बुडणार. आपल्या ऊस उत्पादकाला हे समजावून सांगायला नको. काटा कारखान्याचा, पैसे देणारा कारखाना आणि वजनही तोच सांगणार. काटामारीविरुद्ध शेतकरी संघटना रस्त्यावर उतरतात. शिक्षणातल्या काटामारीविरुद्ध कोणी उतरत नाही.

अमेरिकेत या काट्याला पर्याय उभा राहिला, तो समजून घेण्यासारखा आहे. 1997 साली तिथल्या 19 गव्हर्नरांनी मिळून वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी काढली. ती ना-नफा आणि ऑनलाइन आहे. तिथे फी विषयावर नाही, सहा महिन्यांच्या सत्रावर असते. त्या सहा महिन्यांत चार विषय पुरे करा की चौदा, पैसे तेवढेच. वर्गात किती तास बसलात हे कोणी विचारत नाही. परीक्षेत आणि प्रकल्पात येतंय की नाही, एवढंच बघतात. आणि बाहेरून आणलेले क्रेडिट पदवीच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत धरले जाऊ शकतात.

कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊ पाहणारा नोकरदार माणूस याचा पुरेपूर उपयोग करतो. अमेरिकेत चार वर्षांची पदवी साधारण 120 क्रेडिटची. त्यात इंग्रजी लेखन, इतिहास, एखादं विज्ञान, संख्याशास्त्र, कॅल्क्युलस, प्रोग्रामिंगची तोंडओळख असे विषय असतातच. हे विषय तो आधीच, सोफिया किंवा स्टडी डॉट कॉमसारख्या ऑनलाइन शिकवणाऱ्या संकेतस्थळांवर महिन्याची वर्गणी भरून, रात्री मुलं झोपल्यावर संपवतो. काही विषय कॉलेज बोर्डाच्या क्लेप परीक्षेने सुटतात. ती 1967 पासून आहे. वर्गात न बसता परीक्षा द्या, पास व्हा, क्रेडिट घ्या. अशा बाहेरच्या शिक्षणाची छाननी करून त्याला किती क्रेडिट द्यावेत याची शिफारस अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन करते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचं लष्करी प्रशिक्षण कॉलेजात मोजता यावं, म्हणून त्या कौन्सिलने हे काम अंगावर घेतलं. विमानाचा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विजेचे धडे पहिल्यापासून गिरवायला लावू नयेत, इतकी साधी बुद्धी त्यामागे होती.

शिफारस बंधनकारक नसते, शेवटचा शब्द विद्यापीठाचाच. तरीही इथे एक फार मोठी गोष्ट घडली आहे. बाहेरचा कोणता कोर्स आमच्या कोणत्या विषयाऐवजी चालेल, याचा तक्ता अशी विद्यापीठं आधीच जाहीर करतात. डाव्या रकान्यात बाहेरचा कोर्स, उजव्या रकान्यात आमचा विषय. विद्यार्थी प्रवेश घेण्याआधी, एक डॉलर भरण्याआधी तो तक्ता वाचतो आणि त्याप्रमाणे अभ्यास आखतो. सगळी किमया त्या तक्त्याची आहे. वजन आधी सांगितलं की काटा मारता येत नाही.

यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. ही झटपट पदवी, ही स्वस्तातली पदवी, असं ते म्हणतात. त्यांना माझं सरळ उत्तर आहे. पर्यवेक्षणाखाली झालेली परीक्षा जर खरी असेल, तर वेगात काहीही गैर नाही. दहा वर्षं डेटाबेस सांभाळलेल्या माणसाला डेटाबेसचा पेपर दोन आठवड्यांत देता येत असेल, तर त्याला सोळा आठवडे बसवून ठेवण्यात कोणतं शिक्षण आहे? हजेरीपटावरची सही म्हणजे ज्ञान, हा समज आपणही आता टाकून द्यायला हवा.

पण दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ‘तीन महिन्यांत पदवी’ असं ओरडून विकणारे, परीक्षेला दुसऱ्याला बसवणारे, असाइनमेंट लिहून देण्याची दुकानं चालवणारे, हे या व्यवस्थेचे शत्रू आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक विद्यार्थ्याच्या कागदाकडे संशयाने पाहिलं जातं. आणि क्रेडिट आलं म्हणून विषय डोक्यात आला असं होत नाही. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स कसंबसं पार करून आलेला माणूस अल्गोरिदमच्या विषयात अडतो. ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, डेटा स्ट्रक्चर्स हे पदवीचा कणा आहेत. ते घाम गाळूनच शिकावे लागतात.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येणारी आपली मुलं म्हणजे क्रेडिट ट्रान्सफरच आहे. डायरेक्ट सेकंड इयर! डिप्लोमातल्या शिक्षणाचं वजन धरून त्यांचं पहिलं वर्ष वाचतं. गावातल्या कितीतरी घरांतला पहिला इंजिनिअर याच दाराने आत आला. वर्कशॉपमध्ये ही मुलं इतरांना शिकवतात. आणि एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, यांतलीच अनेक मुलं धडपडतात, कारण ज्या पहिल्या वर्षातून सूट मिळाली, त्याच वर्षात एम-वन आणि एम-टू होतं. यावर उपाय दार बंद करणं हा नव्हे. सुट्टीत महिनाभर गणिताचा पूरक वर्ग घेणं हा उपाय आहे. जिथे कॉलेजं हे मनापासून करतात तिथे डिप्लोमाची मुलं मागे राहत नाहीत.

आता आपल्या कागदावरच्या हक्कांकडे वळतो. जुलै 2021 मध्ये यूजीसीने ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. त्यानुसार मिळवलेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं जमा राहू शकतात. पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे क्रेडिट घ्यावे लागतात, म्हणजे उरलेले निम्मे दुसरीकडून आणता येतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या नियमाने एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करण्याची मुभा दिली. आधी ही मर्यादा 20 टक्के होती. कागदावर हा खजिना आहे.

प्रत्यक्षात काय झालं? कॉलेजांनी विद्यार्थ्यांकडून या क्रेडिट बँकेचे आयडी काढून घेण्याची मोहीम जोरात चालवली. वर्गात येऊन, ग्रुपवर संदेश टाकून, डिजिलॉकर उघडायला लावून बारा आकडी क्रमांक घ्यायला लावले. फॉर्मवर तो रकाना सक्तीचा झाला. ठीक. पण तो क्रमांक घेतल्यावर बाहेरचा कोणता कोर्स कोणत्या पेपरऐवजी धरणार, तो तक्ता कुठे आहे? तो विद्यार्थ्याला प्रवेशाआधी दिसत नसेल, तर क्रमांक काढून घेण्यात कॉलेजचा अहवाल पूर्ण झाला, विद्यार्थ्याचं काम झालं नाही.

एनपीटेलचं उदाहरण घ्या. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने 2003 साली सुरू केलेला हा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद तिथे पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम शिकवतात. व्हिडिओ फुकट. प्रमाणपत्रासाठी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. साधारणपणे दर आठवड्याच्या असाइनमेंटला 25 टक्के वजन आणि पर्यवेक्षणाखालच्या परीक्षेला 75 टक्के. लातूरची किंवा सावंतवाडीची मुलगी मोबाइलवर हे ऐकून, केंद्रावर जाऊन पास होते. त्यानंतर तिच्याच कॉलेजात तिला डेटा स्ट्रक्चर्सच्या टर्मवर्कची फाइल रंगवायला लावत असतील आणि तोच पेपर पुन्हा द्यायला लावत असतील, तर आपण तिचे सहा महिने चोरतो आहोत.

आणि ते प्रमाणपत्र धरलं तरी तिचं वाचतं काय? हा माझा सर्वात मोठा आक्षेप आहे. आपल्याकडे फी वर्षाची असते. पाच विषय शिका की तीन, पावती तीच. त्यामुळे क्रेडिट मान्य होऊनही पैसा वाचत नाही. 2024 च्या अखेरीस यूजीसीने निवडक विद्यार्थ्यांना पदवी लवकर पूर्ण करू देण्याची वाट खुली केली. पाऊल चांगलं आहे. पण फी क्रेडिटवर बांधली नाही, तर लवकर शिकणाऱ्या गरीब मुलाच्या खिशाला त्याचा पुरेसा उपयोग नाही.

आपल्याच देशात चांगला नमुना आहे. आयआयटी मद्रासने 2020 मध्ये प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही. काही आठवडे शिकवून मग पात्रता परीक्षा घेतात. पुढे फाउंडेशन, डिप्लोमा, बीएस्सी, बीएस अशा पायऱ्या आहेत. मधेच थांबावं लागलं तरी पूर्ण केलेल्या पायरीचा कागद हातात राहतो. शिकवणं ऑनलाइन, पण मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. म्हणूनच त्या कागदाला वजन आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाला 1989 पासूनचा दूरशिक्षणाचा अनुभव आहे आणि गावोगावची अभ्यास केंद्रं आहेत. क्रेडिटचा तक्ता जाहीर करण्यात महाराष्ट्रात त्याने पुढे व्हावं, अशी माझी जाहीर मागणी आहे.

पालकांनी एक लक्षात ठेवावं. बी.ई. कॉम्प्युटर ऑनलाइन मिळत नाही. इंजिनिअरिंगला ऑनलाइनची परवानगीच नाही. कोणी विकत असेल तर तो फसवतो आहे. बीसीए, एमसीए ऑनलाइन मिळतं, तेही मान्यता असलेल्या संस्थेचं. मान्यतेची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, एजंटच्या माहितीपत्रकावर नको. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

परदेशातल्या मराठी माणसांसाठीही दोन शब्द. 2015 पासून अमेरिकेत एच-4 व्हिसावरच्या काही जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली. इथून बी.कॉम., बी.एस्सी. होऊन गेलेल्या आणि तिथे घरात अडकलेल्या कितीतरी मुलींनी त्यानंतर कॉम्प्युटरची वाट धरली. त्यांनी एक काळजी घ्यावी. जुन्या पदवीचं मूल्यमापन करून घेताना ते विषयवार घ्यावं. नुसतं ‘ही पदवी अमुक पदवीच्या तोडीची आहे’ एवढ्या शेऱ्यावर क्रेडिट मिळत नाहीत. विद्यापीठ जुन्या विषयांचा अभ्यासक्रमही मागू शकतं. म्हणून आज शिकणाऱ्या प्रत्येकाने आपला सिलॅबस शिक्क्यासकट जपून ठेवावा. पंधरा वर्षांनी तो मिळवण्यासाठी सासरच्या माणसांना विद्यापीठाच्या खिडकीवर उभं करायची वेळ येऊ नये.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, प्रत्येक विद्यापीठाने बाहेरचे कोणते कोर्स कोणत्या विषयाऐवजी चालतील, याचा तक्ता प्रवेश सुरू होण्याआधी जाहीर करावा. दुसरी, फी क्रेडिटवर आकारावी. जेवढं शिकवाल तेवढंच मागा. तिसरी, क्रेडिट नाकारायचं असेल तर कारण लिहून द्यावं, ठरावीक मुदतीत द्यावं आणि त्यावर दाद मागण्याची सोय असावी. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही, नवं अनुदान लागत नाही.

आणि हे होईपर्यंत विद्यार्थ्याच्या हातात एक हत्यार आहे. प्रवेशाच्या वेळी फी भरण्याआधी विचारा, मी आधी जे शिकून आलो, त्यातलं तुम्ही किती धरणार? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. जी संस्था हे लिहून द्यायला तयार नाही, तिची पावती फाडू नका.