पन्नाशीनंतरचा शेपटा

बाईने केस किती ठेवावेत, हे ठरवण्याचा अधिकार बाई सोडून सगळ्यांना असतो. विशीत बॉयकट केला तर "मुलीच्या जातीला हे काय?" पन्नाशीत शेपटा राखला तर "आता या वयात कुणाला दाखवायचाय?" साठीत पांढरे तसेच ठेवले की "आजारी होतात का?" आणि काळे केले की भांगातली पांढरी रेघ शोधायला अख्खी भिशी टपलेली. नवऱ्याची पांढरी कानशिलं मात्र रुबाबदार! टकलावर या कानापासून त्या कानापर्यंत ओढलेल्या चार केसांना कुणी वय विचारत नाही.

शरीरशास्त्र बिचारं सरळ आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, काही वर्षांनी गळतो. वयाबरोबर हा वाढीचा काळ आखडतो, रजोनिवृत्तीनंतर केस विरळही होतात. म्हणजे लांबी निसर्गच कमी करत आणतो, तेही सोसायटीची मीटिंग न बोलावता.

आपल्याकडे विधवेच्या केसांचा निकाल वस्तराच लावायचा. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी केशवपनाला नकार दिला. वस्तरा धरणारे थांबले. सल्ला देणाऱ्यांनी अजून संप केलेला नाही. उलट हल्ली हळदीकुंकवाच्या वाणासोबत पार्लरवालीचा नंबरही मिळतो. "काकू, वयाला शोभेल असाच कट मारते हं," म्हणत ती आधी वय विचारते, मग बजेट. पैसे मात्र शेपट्याच्या लांबीनुसार.