नायगावचे मोर आणि माझी ट्रॅकपँट

सख्ख्या भावाशी भांडता येतं, चुलतभावावर कोर्टात दावा लावता येतो. साडूशी मात्र जन्मभर हसूनच बोलावं लागतं, कारण दोघांच्या बायका रोज रात्री फोनवर एकमेकींना सगळं सांगतात. माझे साडू पुण्याचे. दर सप्टेंबरात ते कास पठारावर जातात आणि 'निसर्गाची उधळण' असं लिहून आमच्या कौटुंबिक ग्रुपवर इतके फोटो टाकतात, की माझा फोन गरम होतो. कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते सह्याद्रीमुळे, पण साडूंचा आविर्भाव असा असतो की तो अर्ज त्यांनीच भरला होता.

यंदा ते पितृपंधरवड्यात बीडला आले. मिसेससह. दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्याकडे बघण्यासारखं काय?"

बीडच्या माणसाला हा प्रश्न आयुष्यभर पुरतो. मी कंकालेश्वर, खंडोबाच्या दीपमाळा, परळी, अंबाजोगाई अशी यादी म्हणून दाखवली. "देवळं झाली हो. फुलं?" असं म्हणून ते अशा नजरेने हसले, की माझ्या तोंडून निघून गेलं, "फुलं? आमचं नायगाव बघा. कास तिकीट काढून बघावं लागतं, हे फुकटात."

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. तिला माझा निसर्गाभ्यास ठाऊक आहे. तो दुर्बिणीपासून सुरू होतो आणि दुर्बिणीपाशीच संपतो. ही दुर्बीण मी निवृत्तीच्या पैशातून घेतली. तिच्यातून आतापर्यंत समोरच्या गच्चीवरचं वाळवण आणि एक घार एवढंच दिसलं आहे. घारीबद्दलही घरात मतभेद आहेत.

नायगावचं मयूर अभयारण्य पाटोदा तालुक्यात आहे, १९९४ साली जाहीर झालेलं, सुमारे तीस चौरस किलोमीटरचं. बीडहून सोलापूर रस्त्याने निघायचं, पालीजवळ बिंदुसरेचा तलाव डाव्या-उजव्या कोणत्या बाजूला आहे यावर वाद घालायचा, घाट चढून मांजरसुंब्याला यायचं, तिथे रबडी खायची आणि पाटोद्याच्या रस्त्याला लागायचं. घाट चढला की आपण बालाघाटावर असतो. वर मुरमाची पातळ कातडी आणि खाली काळा पाषाण. कासला जांभा आहे, आमच्याकडे हा. झाडाला मूळ रोवायला जागा नाही, म्हणून गवतं आणि बुटकी झुडपं पावसाच्या दोन-तीन महिन्यांत जन्मापासून बारशापर्यंत सगळं उरकून घेतात.

आणि खरं सांगतो, माळ फुलला होता. तरवडाची पिवळी झुडपं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेटली होती. शेळी ज्याला तोंड लावत नाही असं झाड आमच्याकडे भरपूर फुलतं, यात नवल काय? मोकळ्या रानात कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे डोलत होते आणि एका काट्याकुट्याच्या कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी फुलं उलटी वळून बसली होती. साडू गाडीतून उतरले, फोटो काढायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर काही बोलले नाहीत.

इथेच परत फिरलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मला मोर दाखवायचे होते.

समोर गुडघाभर गवत होतं, वाऱ्यावर लाटा मारणारं, शेंड्याला तांबूस-काळ्या केसांचे झुपके. दूर झुडपाआड काहीतरी हललं. मी दुर्बीण डोळ्याला लावून गवतात शिरलो आणि अभ्यासू माणूस बसतो तसा फतकल मारून बसलो. अंगात नवी ट्रॅकपँट होती, मऊ, लोकरीसारखी लव असलेली. दुकानदाराने 'प्रवासाला एकदम बेस्ट' असं सांगून दिलेली.

ते गवत कुसळी होतं.

कुसळीबद्दल मला तेव्हापासून फार माहिती झाली आहे. तिच्या बीला पुढे सुईसारखं टोक, मागे उलट्या वळणाचे बारीक केस आणि शेवटी पिळदार लांब शेपूट असतं. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो. त्या फिरण्याने बी जमिनीत स्वतःला गिरमिटासारखी घुसवते. केस उलटे, म्हणून मागे येण्याचा प्रश्नच नाही. जमीन नसेल तर मेंढीची लोकर चालते. लोकर नसेल तर ट्रॅकपँट. आणि ओल हवी असेल तर भाद्रपदाच्या उन्हात बसलेल्या, रबडी खाल्लेल्या जाड माणसाकडे ती भरपूर असते.

पहिली टोचणी लागली तेव्हा मला मुंगी वाटली. नंतर मी उठलो. उठणं ही चाल कुसळीला अनुकूल असते. एकेक पाऊल टाकलं की एकेक कुसळ एकेक पेर आत. गाडीपर्यंत मी पाय फाकवून, हात पसरून, तोंडाने निरनिराळे आवाज काढत पोचलो. साडूंनी त्या चालण्याचा व्हिडिओ काढला. तो कुठे कुठे गेला आहे ते मला अजून कळतं आहे. मग ते कुसळावरची ती म्हण म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात मी हात वर केला.

"अहो, पँट काढा," सौ. म्हणाली.

"इथे?"

"मग काय मांजरसुंब्याच्या रबडीवाल्यापुढे काढता?"

गाडीच्या आडोशाला पँट उतरली. साडूंच्या मिसेसनी दुसरीकडे तोंड केलं आणि खांदे हलवत राहिल्या. मी कमरेला गाडीतली चादर गुंडाळली. सौ. आणि साडू पँट पसरून एकेक कुसळ उपटायला बसले.

नेमका तेव्हा मोर आला.

पंधरा-वीस पावलांवर, निळी मान ताठ, डोक्यावर तुरा. मागे मात्र काही नाही. पार लांडा. पावसाळा सरत आला की मोर पिसारा झाडतात, दीड-दोनशे पिसं एकेक करून गळून जातात, हे मला कळायला उशीर झाला. त्याने चादरीतल्या मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मीही त्याला पाहिलं. दोघांनाही एकमेकांना दाखवण्यासारखं काही नव्हतं. तो वळला आणि शांतपणे कुसळीतून निघून गेला. त्याला एकही कुसळ लागलं नाही.

"साडूभाऊ, हा मोरच ना?" साडूंनी विचारलं. या माणसाला मी उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात बांधावरचं गवत डोक्यावर घेतलेल्या दोन बायका रस्त्याने आल्या. त्यातली थोरली थांबली, भारा खाली टाकला आणि म्हणाली, "ओ दादा, कुसळीत कशापायी बसले? आमी या दिसांत मेंढरं बी न्हेत न्हाई तिकडं." मग तिने सौ.च्या हातातून पँट घेतली आणि न बघता, नुसत्या नखाने, भराभर कुसळं उपटायला लागली. टोकाकडून धरून, आरपार ओढून. आम्ही शेपटाकडून ओढत होतो.

साडूंच्या मिसेसनी गप्पा काढल्या. आम्ही पुण्याचे, फुलं बघायला दरवर्षी साताऱ्याकडे जातो वगैरे.

"साताऱ्याला?" बाईंचे डोळे हसले. "आमी बी जातो की. दिवाळीच्या मोहरं टोळी निघती. आमचा कोयता हाय तिकडं कारखान्याला. लई वर्सं झाली." मग जरा थांबून, "फुलं न्हाई बघितली पण."

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांवर मिळून घेतलेली असते, आणि हिशोबही दोघांचा मिळून एकच. टोळ्या साताऱ्यात पोचतात तोवर कासची फुलं संपलेली असतात, आणि त्यांचा मुक्काम पठारावर नसतो, खाली उसाच्या फडात असतो. एक गाव दरवर्षी बैलगाडीने, ट्रॅक्टरने जिल्हा ओलांडून जातं, आणि आम्ही चारचाकीतले चौघं बीडला बघण्यासारखं काय आहे यावर वाद घालत होतो. साडूंनी फोन खिशात ठेवला. मलाही काही सुचेना. चादर आणखी घट्ट करण्यापलीकडे करण्यासारखं नव्हतंही.

"घ्या," बाईंनी पँट झटकून माझ्या हातात दिली. "मोर बघायचा व्हता तर मिरगात यायचं. तवा नाचतो. आता त्याची बी सुगी सरली." मग साडूंनी, पुण्याच्या साडूंनी, गवताचा भारा उचलून तिच्या डोक्यावर द्यायला हात लावला. भारा त्यांच्याकडून हलला नाही. तिनेच गुडघा लावून तो वर घेतला आणि दोघी चालू लागल्या.

सौताड्याचा धबधबा येताना बघायचा ठरला होता, तो राहिला. कपिलधारही राहिली. परतीच्या वाटेवर मी सबंध वेळ एका अंगावर कलून बसलो होतो, कारण बाईंच्या नखातून सुटलेलं एक कुसळ गाडीतही काम करत होतं.

तुम्ही नायगावला जरूर जा. पिसारा हवा असेल तर मृग ते श्रावण, तोही भल्या पहाटे. फुलं हवी असतील तर भाद्रपद. मोजे नकोत, लव असलेलं कापड मुळीच नको, जाड सुती पँट घाला आणि बसायच्या आधी खाली बघा. कुसळ उपटायचं तर टोकाकडून ओढा. साडू बरोबर न्यायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.