आहेराला स्वतंत्र खोली

अमरावतीत घर बांधणाऱ्याला हल्ली सगळं नवं हवं असतं आणि दिसायला मात्र जुनं. आमच्या सौभाग्यवतींना वॉक-इन क्लोजेट हवं होतं, तेही वाड्याच्या ढंगाचं.

वाड्यात कपडे ठेवायची खोली कुठे असते? माझं आजोळ अकोल्याच्या जुन्या शहरातलं. तिथे भिंतीत कोनाडे होते, खुंट्या होत्या, माजघरात आडवी टांगलेली बांबूची वळणी होती आणि आजीची एक संदूक. आजोबांचं एक धोतर अंगावर, तर दुसरं वळणीवर. परंपरा काटेकोर पाळायची म्हटलं, तर आमचं क्लोजेट दोन खुंट्यांत आटोपलं असतं. त्यात आम्ही राहतो गाडगेनगरात. ज्या गाडगेबाबांनी चिंध्यांच्या अंगरख्यावर जन्म काढला, त्यांची समाधी हाकेच्या अंतरावर. इथे कपड्यांच्या खोलीचा खर्च माणूस हळू आवाजातच सांगतो.

इंटिरियरवाली मुलगी पुण्याहून शिकून आलेली. परतवाड्याचं सागवान, दाराला महिरप, पितळी कड्या, दोन्ही बाजूंना पिवळ्या उजेडाचे कोनाडे, असं सगळं तिने संगणकावर फिरवून दाखवलं. खिडकी नव्हती. मिस्त्रीने चित्र पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, मे महिन्यात याच्यात कुरड्या वाळतीन."

"काका, टांगायचे कपडे किती आणि घडीचे किती?" मुलीने विचारलं.

"ते राहू दे," सौभाग्यवती म्हणाल्या, "आहेराचे कुठे ठेवायचे?"

मुलीला प्रश्नच कळला नाही. पुण्यात बहुधा आहेर पाकिटातून होतो. वऱ्हाडात तो कापडातून होतो: साडी, ब्लाउजपीस, पँट-शर्टपीस, दुपट्टा, टोपी. यातलं काही कुणी अंगावर घालावं अशी देणाऱ्याची अपेक्षा नसते, घेणाऱ्याची तर मुळीच नसते. कापड फक्त फिरतं ठेवायचं. ब्लाउजपीसला कात्री लागली की तो या व्यवहारातून बाद. आमच्याकडे प्रत्येक कापडाला चिठ्ठी टाचलेली असते, कुणाकडून आलं आणि कोणत्या लग्नात. शिवाय वही आहे, जमा आणि खर्च अशी. कारण ज्याचं त्यालाच परत गेलं, तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. म्हणून एका दिशेचं कापड दुसऱ्या दिशेला पाठवायचं. अकोल्याहून आलेलं परतवाड्याला जातं, दर्यापूरचं बडनेऱ्याला. शकुंतला गाडी बंद पडली, पण मूर्तिजापूर ते अचलपूर आहेराची वाहतूक एक दिवस थांबलेली नाही.

झालं. क्लोजेटच्या तीन भिंती आहेराला गेल्या. कप्प्यांवर सागवानी पट्ट्या बसवून तालुक्यांची नावं कोरावीत, असं मुलीने सुचवलं. तेवढं मी हाणून पाडलं. उरलेल्या भिंतीत पाहुण्यांच्या गाद्या. मग माझे रोजचे कपडे? ते दारामागच्या खिळ्याला. तो नवीन आहे, पितळी आहे.

खोली पाहायला पहिली आली ती अकोल्याची मामी. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर सलग ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. तेव्हापासून अकोल्याचे नातेवाईक फोन न करता येतात. मामीने महिरप पाहिली, पदर डोक्यावर घेतला आणि उजेडाच्या कोनाड्यापुढे हात जोडले. कोनाड्यात माझी अत्तराची बाटली होती.

"देव काहून नाई बसवले अजून?"

"मामी, हे कपड्याचं आहे."

"कपड्याले येवढं? अवं माय!" असं म्हणत ती आत शिरली ती नेमकी परतवाड्याच्या कप्प्याशी. दुसऱ्याच मिनिटाला तिच्या हातात एक जांभळी साडी होती, चिठ्ठीसकट.

"हे लुगडं त मीच देलं व्हतं तुमच्या पोराच्या मुंजीत."

आम्ही दोघं भिंतीकडे बघू लागलो. मामीने साडी उलगडली, उजेडात धरून कसर लागली का ते पाहिलं, पुन्हा घडी घातली आणि पिशवीत टाकली.

"बरं झालं, तुम्ही नाई नेसली. माह्या बहिणीच्या नातीचं लगन हाये वैशाखात."

सौभाग्यवतींनी वही काढली आणि तारीख घालून ती साडी अकोल्याच्या नावे खर्ची टाकली.