उतईहून समुद्रपर्यटन: नियोजनाची रूपरेषा

उतईचा समुद्राशी असलेला अधिकृत संबंध दुर्ग स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेला आहे: समुद्रसपाटीपासून उंची अमुक मीटर. उतई भिलाईच्या दक्षिणेला आहे. तिथे पडलेला पाऊस शिवनाथेतून महानदीत आणि महानदीतून बंगालच्या उपसागरात जातो. प्रस्तुत नोंदीतील मराठी कुटुंबाला मात्र समुद्र म्हटला की पश्चिमेचाच लागतो. ओडिशाचा किनारा कोकणापेक्षा निम्म्याहून कमी अंतरावर आहे, दुर्गहून पुरीला थेट गाडी आहे आणि चिलिका सरोवरात हिंडायला हवी तेवढी बेटे आहेत. हा पर्याय दर बैठकीत मांडला जातो आणि "तिथं सोलकढी मिळते का?" एवढ्या एका प्रश्नावर निकालात निघतो.

त्यामुळे बेटे मालवणची ठरतात. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग (पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664) किनाऱ्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर आहे. भोवती खारे पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. शेजारी पद्मगड आहे, तिथे ओहोटीला चालत जाता येते. दक्षिणेला निवतीच्या समुद्रात दीपगृह आणि पाकोळ्यांची घरटी असलेले खडक आहेत. प्रेक्षणीय स्थळांबद्दल नियोजनात एवढीच माहिती लागते, कारण तिच्यावर कोणाचाच वाद नसतो.

शिडाच्या होडीचे तत्त्व सातवीच्या भूगोलातले आहे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो, तो खारा. म्हणून पहाटे मतलईवर निघावे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतावे. या योजनेत इंधनाचा खर्च शून्य आहे. पहाटे चारला उठणे हा एकच खर्च आहे आणि कुटुंबाला तो परवडत नाही. शिवाय प्रवासी होड्या आता इंजिनावर चालतात. शीड उरले आहे ते बहुधा जाहिरातीच्या चित्रांत, जिथे ते वाऱ्याशिवायही फुगलेले असते. चित्र पाहून हजार किलोमीटर येणाऱ्याने डिझेलचा वास का सहन करावा, याचा खुलासा कोणतीही रंगीत पत्रिका करत नाही.

चमूची रचना पुढीलप्रमाणे. भाचा, ज्याच्या फोनमध्ये वाऱ्याचे ॲप आहे. वहिनी, ज्यांच्याकडे सामानाची यादी आहे. आत्या, ज्यांच्याकडे उपासांची यादी आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या प्लेट मिलमधून निवृत्त झालेले काका. आणि नोंदकर्ता, ज्याला मैत्रीबागेतल्या पायडलच्या बोटीतही मळमळते. होडी कलू नये म्हणून दुसऱ्या बाजूला ठेवायचे वजन, हे त्याचे पद एकमताने मंजूर आहे.

नियोजनाचा पुढचा टप्पा म्हणजे तारीख ठरवणे. समुद्रावर जितक्या होड्या बुडाल्या नसतील तितके बेत या टप्प्यात बुडतात, म्हणून त्याचे विवेचन विस्ताराने करणे भाग आहे.

साधन म्हणजे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर. त्याच्या दुधाच्या नोंदी असलेल्या चौकोनांवर पेन्सिलीने फुल्या मारत जायचे असते. जून ते सप्टेंबर पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, किल्ल्याची प्रवासी वाहतूकही बंद ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच कोळी दर्या मोकळा मानतात. चार महिने बाद. ऑक्टोबरमध्ये दसरा-दिवाळी. नोव्हेंबरात तुळशीचे लग्न होते न होते तोच माणसांची लग्ने सुरू होतात. डिसेंबरात मुलांच्या परीक्षा, जानेवारीत वहिनींचे हळदीकुंकू, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड आणि मार्चअखेर. एप्रिलमध्ये निकाल लागेपर्यंत कोणी हलत नाही. उरतो मे. त्याच्याही उत्तरार्धात समुद्र खवळू लागतो, म्हणजे उरतो त्याचा पूर्वार्ध.

त्या पंधरा चौकोनांवर भाच्याने फोन धरला आणि भरतीचे तक्ते शोधू लागला. रेंज नव्हती. तेव्हा लसूण सोलत बसलेल्या आत्या म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट कर."

हा कोकणच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागोमाग, म्हणून हे गणित जमते. समुद्र कधीही न पाहिलेल्या आत्यांना ते त्यांच्या मालवणच्या आजीकडून मिळाले होते आणि समुद्राअभावी त्यांनी ते जपून ठेवले होते.

गणित मिळाले आणि बेत बुडाला. पद्मगडावर चालत जायचे तर ओहोटी भर दिवसा हवी. अष्टमीला ती दुपारी बाराला येते. भाच्याने अष्टमीला गोल केला. आत्यांनी लसणाची पाकळी वर धरली. "अष्टमीला भांग असते बापा. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही." पाणी खूप मागे हटते ते उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा भरती सव्वाअकराला आणि ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी साडेपाचला. संध्याकाळी गेले तर परतताना अंधार. पहाटे गेले तर पुन्हा तो चारचा प्रश्न. शिवाय अमावास्येला आत्या घराबाहेर पडत नाहीत आणि पौर्णिमेला वहिनींच्या माहेरी लग्न होते. सगळे चौकोन भरले. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. ते उघडले, भरले आणि बंद झाले तेव्हा बैठक चालूच होती.

या सगळ्या काळात काकांनी एकच प्रश्न विचारला होता: "होडीच्या प्लेटची जाडी किती?"

भिलाईचे पोलाद समुद्रावर आधीच पोचलेले आहे. 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी सेलने सुमारे 30,000 टन खास पोलाद पुरवले, त्यात भिलाईचा वाटा आहे. काकांनी नोकरीभर लालबुंद प्लेट रोलखालून जाताना पाहिली, थंड झालेली प्लेट वॅगनमध्ये चढताना पाहिली. ती पुढे जिथे जाते ते पाणी त्यांनी पाहिले नव्हते. "फायबरची असते काका," भाचा म्हणाला. काकांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. बैठकीत त्या दिवशी प्रथमच कोणी पुढचा मुद्दा काढला नाही.

नियोजनाचे फलित असे: परीक्षा, लग्न, हळदीकुंकू आणि मार्चअखेर यांपैकी काहीही नसलेली माणसे घरात दोनच निघाली. जानेवारीत, शुद्ध सप्तमी गाठून, काका आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, पूर्ण भाड्याने गेले. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे. ॲप, सामानाची यादी आणि नोंदकर्ता ही तिन्ही वजने घरीच राहिल्याने होडी कुठेही कलली नाही. सिंधुदुर्ग पाहून झाला, पद्मगड राहिला. मालवणहून आत्यांचा फोन आला तो तक्रारीचा होता: गाडी पाच तास उशिरा पोचली, भरती मात्र सव्वापाचलाच आली.