पेशी न् पेशी धुऊन

आमच्या मेव्हण्याला अधूनमधून एक नवं रसायन सापडतं. ओमेगा-थ्री झालं, कोलॅजेन झालं, सध्या फ्लेव्होनॉइड सुरू आहेत. "भाऊजी, अँटिऑक्सिडंट आहे, पेशी न् पेशी धुऊन काढतं," असं म्हणत त्याने क्वेर्सेटिनच्या कॅप्सूलची बाटली टीपॉयवर ठेवली. तिच्यावरची किंमत वाचून माझ्या पेशी न धुताच पांढऱ्या पडल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कांदाभजीचा वास आला आणि मेव्हणा उठून बहिणीकडे गेला. टीपॉयवर सोडलेल्या बाटलीत जे होतं तेच आत कढईत तळलं जातंय, याचा त्याला पत्ताही नव्हता.

क्वेर्सेटिनचा मोठा साठा कांद्यातच असतो. फ्लेव्होनॉइड या कुळात अशी हजारो द्रव्यं आहेत: जीभ जांभळी करणारं जांभळातलं अँथोसायनिन, चहातलं कॅटेचिन, संत्र्याच्या पांढऱ्या शिरांतलं हेस्पेरिडिन, सोयाबीनमधलं डेडझीन. हळद आणि बीट यांना मात्र उत्साहाच्या भरात या यादीत घालू नये, त्यांचे रंग वेगळ्या घरचे. झाडं ही द्रव्यं बनवतात ती स्वतःच्या सोयीसाठी. कडक उन्हापासून बचाव व्हावा, बुरशीने खाऊ नये, फुलाचा रंग पाहून मधमाशीने यावं. कांद्याला आपल्या तब्येतीची काळजी आहे, असं मानायला काही आधार नाही. लासलगावात भाव कोसळतो तेव्हा आपण तरी त्याची कुठे करतो म्हणा.

हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी 1936 साली लिंबू आणि लाल मिरचीतल्या अशाच द्रव्यांना 'पी' जीवनसत्त्व म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण त्यात मान होता तो 'सी'चा. 'पी'ची जीवनसत्त्वपदाची वस्त्रं नंतर काढून घेण्यात आली, कारण ते न मिळाल्याने कुणाला ठरावीक आजार होतो असं काही सिद्ध होईना. मेव्हण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तेव्हा लॅब कुठे चांगल्या होत्या!"

खरी गंमत पोटात आहे. आपल्याला वाटतं, शरीर या पाहुण्याला ओवाळून आत घेत असेल. प्रत्यक्षात शरीर त्याच्याशी आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं वागतं. कांद्यातलं क्वेर्सेटिन ग्लुकोजची साखर अंगाला चिकटवून येतं. लहान आतड्याच्या भिंतीवर लॅक्टेज नावाचं विकर बसलेलं असतं, दुधातली साखर फोडणारं तेच. ते आधी ही साखर उतरवून घेतं. मग क्वेर्सेटिन पेशीत शिरतं, आणि शिरताक्षणी त्याच्या गळ्यात बिल्ला अडकतो: कधी ग्लुक्युरॉनिक ॲसिडचा, कधी सल्फेटचा, कधी छोटासा मिथिलचा. काहींना तिथूनच पुन्हा आतड्यात ढकलून दिलं जातं. जे निसटतात ते यकृतात पोचतात आणि तिथे पुन्हा तपासणी, पुन्हा बिल्ला. ग्लुक्युरॉनिक ॲसिड नि सल्फेटच्या बिल्ल्याचा उपयोग एवढाच की पाहुणा पाण्यात चटकन विरघळावा आणि मूत्रपिंडाच्या दाराने बाहेर जावा. परक्या औषधी रसायनांचंही शरीर नेमकं हेच करतं. बाटलीवरच्या चित्रात चिलखत घालून लढणारा जो वीर दाखवलाय, त्याच्या वाट्याला आत गेल्यावर फक्त रजिस्टरमधली नोंद येते.

उरलेल्यांनी पेशी धुवायच्या म्हटल्या तर त्यांची संख्या बघा. भरपेट कांदा खाल्ल्यावरही रक्तात जे क्वेर्सेटिन सापडतं, त्याच्या शेकडो पटींनी यूरिक ॲसिड तिथे आधीच असतं, आणि यूरिक ॲसिडही अँटिऑक्सिडंटच आहे. म्हणजे ज्या यूरिक ॲसिडवरून डॉक्टर माझ्या पायाच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघून मला दरडावतात, त्याचंच काम मेव्हणा मला पैसे मोजून करवून घ्यायला सांगतोय.

याचा अर्थ ही द्रव्यं निकामी आहेत असा नाही. कोकोतल्या फ्लॅव्हनॉलने रक्तवाहिन्या थोड्या सैलावतात, हे माणसांवर दिसलं आहे. फक्त ते काम धुलाईचं नसून पेशींना इशारे देण्याचं असावं, असा आता बऱ्याच अभ्यासकांचा कल आहे. इशारा द्यायला माणसं थोडी लागतात. धुणं धुवायला जास्त.

आता एक डच प्रयोग. 1995 साली हॉलमन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये अशी नऊ माणसं घेतली ज्यांचं मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढलेलं होतं. अन्न लहान आतड्यातून थेट पिशवीत येत असल्याने कोणी किती शोषलं याचा हिशेब लावता येत होता. या मंडळींना आळीपाळीने तळलेला कांदा, शुद्ध क्वेर्सेटिन आणि रूटिन दिलं. रूटिन म्हणजे ग्लुकोजसोबत रॅम्नोज नावाची साखरही चिकटलेलं क्वेर्सेटिन, चहात असतं ते. कांद्यातलं 52 टक्के शोषलं गेलं, शुद्ध क्वेर्सेटिन 24 टक्के आणि रूटिन 17 टक्के. तळलेला कांदा पहिला आला! हा निकाल मी मेव्हण्याला भजीची दुसरी बशी पुढे करत वाचून दाखवला. त्याने भजी घेतली, निकाल घेतला नाही.

रूटिनचं काय होतं? लहान आतड्यातल्या विकरांना रॅम्नोज उतरवता येत नाही, म्हणून ते बरंचसं तसंच मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू साखर तर खातातच, वर मूळ रेणूची कडी फोडून त्याची लहान लहान आम्लं करतात, आणि ती बऱ्यापैकी रक्तात जातात. प्रत्येकाचे जिवाणू वेगळे, त्यामुळे न्यायही वेगळा. सोयाबीनमधल्या डेडझीनपासून इक्वॉल बनवण्याची कला काहींच्याच जिवाणूंना अवगत असते. एकाच कुकरमधली सोयाबीनची भाजी बायकोच्या पोटात इक्वॉल होईल आणि नवऱ्याच्या पोटात होणारही नाही. आमच्याकडे कोणाच्या पोटात काय होतं ते तपासलेलं नाही, पण ही बातमी ऐकल्यापासून बायकोला उत्तराची खात्री आहे.

दुधामुळे चहातल्या कॅटेचिनचं नुकसान होतं का, यावर प्रयोगांचं एकमत नाही. माझं मत दुधाला.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही असा मेव्हणा असणारच. त्याने आणलेल्या डब्यावर 'ओरॅक' नावाचा, अँटिऑक्सिडंट ताकद सांगणारा पाच आकडी गुणांक छापलेला असेल तर एवढं लक्षात ठेवा: तो परीक्षानळीतला आकडा आहे. अमेरिकेच्या शेती खात्याने अशा आकड्यांची आपली यादी 2012 साली काढून टाकली, कारण कंपन्या तो जाहिरातीत वापरत होत्या आणि माणसाच्या शरीरात काय घडतं हे त्यातून कळत नव्हतं. डबा परत करा. कांदा सोलताना मात्र हात आखडता घ्या. क्वेर्सेटिन सगळ्यात जास्त बाहेरच्या पापुद्र्यांत असतं, आणि वाळक्या सालीबरोबर आपण नेमके तेच कचऱ्यात टाकतो.